बाबांच्या रेघेतला दीड इंच

ती. ताई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (खरोखरच जोडले होते. सकाळी लॅकरचा डबा कलंडला, तो पुसताना तळव्याला तळवा चिकटला आणि पाऊण तास मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत उभा होतो. आता थिनरनं सोडवलेत, पण त्या नमस्कारांतला एक तुझ्या नावानं काढून ठेवला होता, तो पाठवतोय.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? भाऊजींची तब्येत ठीक असणारच. ते आजारी पडायचे झाले तर किती दिवस पडायचं ते आधी मोजून घेतील आणि मगच अंग टाकतील.

पत्र लिहायला उशीर झाला हे कबूल. उशीर म्हणजे टाकी आल्यापासून पाच महिने. पहिल्या महिन्यात वाटलं, काम झालं की लिहू. दुसऱ्यात वाटलं, काम तर झालं, आता काय लिहायचं? तिसऱ्यात कागद नव्हता. हसू नकोस, या दुकानात कागद म्हणजे पॉलिश पेपर. त्यावर लिहिलं असतं तर पत्र वाचून होईस्तोवर तुझ्या बोटांचे ठसे गेले असते. चौथ्यात फोन थिनरच्या टबात पडला. (बाहेर काढला तेव्हा त्याच्यावरचं सगळं पुसलं गेलं होतं. इतका स्वच्छ मी त्याला कधीच पाहिला नव्हता.) तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं चार पानी, दुसरं एक पानी, तिसऱ्यात नुसतं 'टाकी?' आणि ते प्रश्नचिन्ह इतकं दाबून काढलेलं की कागद फाटलाय. तर, टाकी सुखरूप आहे. समोरच फळीवर आहे, जुन्या उशीच्या अभ्र्यात. पोचा निघाला, गंज निघाला. बाकीचं पुढे सविस्तर लिहितोच.

मला काहीच कळत नाही असं समजू नकोस. टाकीला तू चिठ्ठी बांधून पाठवली होतीस, औषधाच्या बाटलीला बांधावी तशी: 'पोचा काढ. गंज काढ. बाबांच्या रेघेला हात लावू नकोस.' 'नकोस'खाली दोन रेघा. (त्यातली खालची वाकडी होती, पण ते असो.) पॅसेजमध्ये नवी फरशी बसायची आहे, बाबांच्या मोटरसायकलमुळे तिथल्या अडतीसातले बावीस इंच वाया जातात हे भाऊजींनी टेप लावून सिद्ध केलंय, भंगारवाल्याशी बोलणंही झालंय, आणि तू एकच वाक्य धरून बसली आहेस की तिच्यावर बाबांची रेघ आहे. गाडी वर्षानुवर्षं सुरू झालेली नाही, पण रेघ आहे म्हणून गाडी आहे. बाबांनी जन्मभर लोकांच्या मोटरसायकलींवर रेघा ओढल्या. त्या सगळ्या झिजल्या, विकल्या गेल्या, नाहीतर कुणी वरून दुसरा रंग मारला. उरली ती ही एक, काळ्या टाकीवरची, सायीच्या रंगाची. आणि तिच्यातला झाकणाजवळचा तो दीड इंच, जिथे ती उचकी लागल्यासारखी वर जाते, क्षणभर थांबते आणि मग खाली येते. कारण तू, वय वर्षं सहा, मागून येऊन ओरडलीस, "बाबा, झालं का?" ही गोष्ट मी तुझ्याकडून इतक्यांदा ऐकली आहे की मलाच ओरडल्यासारखं वाटायला हवं. वाटत नाही. मी तेव्हा पाळण्यात झोपलो होतो. त्या रेघेत बाबा आहेत, तू आहेस, मी नाही. (हे वाक्य सोडून दे.)

आता इथली हकीकत. हा माझा अकरावा धंदा. आधीचे दहा तुला माहीत आहेत, फक्त मधमाश्यांचा सोडून, आणि तो सांगायचा नाही असं मी माझ्या पाठीला वचन दिलंय. गाड्या रंगवायच्या या दुकानाच्या मालकाला सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे का हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तसा हा उंच माणूस दुकानाच्या मधोमध लटकल्यासारखा उभा असतो. तो शेजारी येऊन थांबला की आपली रेघ किती कललीये ते न सांगता कळतं. सांगत तर तो नाहीच. दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले तीन 'पूस'. ओली रेघ पुसता येते, म्हणून. मी माझ्या आयुष्याबद्दल त्याला एकदा सगळं सांगितलं, चांगलं तासभर, तेव्हाही शेवटी तो तेच म्हणाला असता, पण त्याचं जेवण निवत होतं.

मी इथे लागलो त्या पहिल्याच महिन्यात एक व्यायामशाळेचा मास्तर आला, दंड माझ्या मांडीएवढे. टाकीच्या दोन्ही बाजूंना बायकोचं लाडाचं नाव हवं म्हणाला: 'राणी', भोवती वेल. अशा कामाला कागदावर नक्षी काढतात, तिच्यावरून टाचणीनं भोकं पाडतात आणि कागद टाकीवर धरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटतात. खाली ठिपके उमटतात, ठिपक्यांवरून ब्रश फिरवायचा. एक बाजू झाली की तोच कागद उलटा धरायचा, म्हणजे दुसरीकडची वेल आरशातल्यासारखी येते. तसं मला शिकवलं होतं. मी उलटा धरला. वेल आली. राणीसुद्धा आली, आरशातल्यासारखी. माझ्या लक्षात येईना, कारण मी वेल बघत होतो आणि अक्षरांशी माझं शाळेपासूनच फारसं बोलणं नाही. मास्तरनं मान तिरकी करून विचारलं, हे काय? मी म्हटलं, पुढच्या गाडीवाल्याला त्याच्या आरशात सरळ दिसावं म्हणून मुद्दाम, रुग्णवाहिकेवर असतं तसं. (असलं माझ्या तोंडून कसं निघतं कोण जाणे.) टाकीच्या कुशीवरचं पुढच्याला दिसेल कसं, हा विचार त्या दंडांना ओलांडून वर पोचला नाही. तो खूश होऊन गेला. आठ दिवसांनी बायकोला घेऊन आला. तिला एवढंच विचारायचं होतं की डावीकडे मी आहे, मग उजवीकडे ही कोण? ओळंब्यानं दोन शब्द खर्च केले. तिला 'चूक', मला 'पूस'. पण वाळलेला रंग पुसला जात नाही ताई, घासावा लागतो. चार दिवस घासत होतो. मास्तर रोज येऊन शेजारी बसायचा आणि माझ्या मानेकडे बघायचा.

त्यानंतर ओळंब्यानं एका मेलेल्या फ्रिजचा दरवाजा आणून भिंतीला टेकवला आणि मला त्याच्यासमोर बसवलं. रेघेचा ब्रश म्हणजे दोन बोटं लांबीचे केस आणि टीचभर दांडी; मेलेल्या उंदराची शेपूट हातात धरल्यासारखं वाटतं. करंगळी पत्र्यावर टेकवायची, श्वास रोखायचा, आणि टोकापर्यंत थांबायचं नाही. थांबलास की रेघेला कळतं. सकाळी दरवाजा रेघांनी भरायचा, ओळंबा येणार, 'पूस'. दुपारी पुन्हा भरायचा, पुन्हा 'पूस'. तीन महिने. त्या तीन महिन्यांत मी घेतलेला श्वास एका वाटीत मावेल. पण रेघ आली. खरंच आली, ताई. मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि ते आलं तेव्हा समोर स्टिकरचं दुकान उघडलं.

तिथे मशीन आहे. पाहिजे ती रेघ, पाहिजे त्या रंगात, चहा संपायच्या आत कापून, चिकटवून मिळते. न हलणारी, न थांबणारी. आमच्याकडचा एक जण, ज्याच्या मडगार्डवर मी अख्खी सकाळ श्वास कोंडून रेघ ओढली होती, तो गाडी घ्यायला आला आणि त्यानं पहिलं काय केलं असेल? तिच्या टोकाला नख घातलं. सुटते का ते पाहायला. म्हणाला, छान आहे, कुठल्या कंपनीचा स्टिकर? मी म्हटलं, हातानं काढलीय. तो म्हणाला, हो का, मग वाकडी कशी नाही? आणि रेघेला नखाचा ओरखडा पाडून, हसत, निघून गेला. लोकांना हात असतात ते नखं उगवायला, दुसरं काही कारण मला दिसत नाही. मी ब्रश धुतला आणि फळीवर बघितलं. त्याच आठवड्यात तुझी टाकी आली होती.

असो. एकूण मी मजेत आहे. खोली कोरडी आहे, खोकला फक्त स्प्रे मारल्यावर येतो, आणि तो कधी काळा तर कधी निळा असल्यामुळे त्याचाही कंटाळा येत नाही. टाकी अशी काही झाली आहे की पाहशील तर ओळखणार नाहीस. गुडघ्याला जप, जिन्याला सांभाळून घे, आणि या नालायकावर जेवढी माया शिल्लक असेल तेवढी राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. 'ओळखणार नाहीस' हे आत्ता परत वाचलं. खोडणार होतो, पण खोडलेलं तू उजेडासमोर धरून वाचतेस हे मला माहीत आहे, म्हणून सरळच लिहितो. तो दीड इंच आता नाही. पोचा झाकणाजवळच होता. (हे खरं आहे, पण कारण नाही. पोचा रेघेपासून चार बोटं लांब होता.) नखवाला जाऊन तासही झाला नव्हता, हात शिवशिवत होते, आणि मनात आलं की सगळ्या घरानं मिळून कौतुक केलेली ती बाबांची चूक आपण दुरुस्त केली तर निदान तेवढ्यापुरते आपण त्या रेघेत असू. बाराशे नंबरचा कागद ओला केला आणि घासलं. सात मिनिटं लागली. बादलीतलं पाणी जरासं सायीच्या रंगाचं झालं, ते मी मोरीत ओतलं. मग श्वास रोखला आणि मधली जागा जोडली. सांधा दिसत नाही. ओळंबा आला, टाकीशेजारी लटकला आणि म्हणाला, "अगदी स्टिकर वाटतेय." इथे आल्यापासून ऐकलेलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य. दुपारभर मी ती शाबासकी समजून शिट्टी वाजवत होतो. संध्याकाळी शटर ओढताना समोरच्या स्टिकरवाल्याची पाटी वाचली, तेव्हा कळलं. तो 'पूस' म्हणाला नव्हता, त्यावरूनच कळायला हवं होतं.

ता. क. दुसरा. पत्र खरं म्हणजे यासाठी आहे. पाच महिने मी फ्रिजच्या दरवाज्यावर तो दीड इंच काढतोय. चाळीस वेळा तरी काढला. आठवून काढला तर उंटाची पाठ होते. तुझ्या लग्नातल्या फोटोत मागे गाडी दिसते, त्यावरून भोकं पाडून ठिपक्यांवर काढला, तर मढ्याला भुवया काढल्यासारखा दिसतो. दचकलेली रेघ ठरवून काढता येत नाही. तेव्हा तू ये. माझ्या मागे उभी राहा आणि तेव्हा विचारलंस तसं विचार. पण येतेस ते कळवू नकोस, कळलं तर मी दचकणार नाही. (आता लिहून टाकल्यामुळे मी रोजच वाट बघणार, म्हणजे तेही गेलंच. पण तरी ये.) भाऊजींना यातलं काही सांगू नकोस. त्यांना बावीस इंच कळतात, दीड इंच कळायचा नाही. रेघ गेली म्हटलं की ते तिथल्या तिथे भंगारवाल्याला बोलावतील. हे पत्र त्यांना मुळीच दाखवू न

ता. क. तिसरा. 'न'च्या पुढे जी रेघ उडालेली दिसते तिला हसू नकोस. भाऊजी आलेत. फरशीवाला सोमवारी येतोय म्हणून टाकी न्यायला, न कळवता, छत्री घेऊन. मी पाठमोरा बसलो होतो. मागे येऊन म्हणाले, "काय रे, झालं का?" ती रेघ नीट बघ, ताई. आधी वर, मग क्षणभर थांबलेली, मग खाली. दीड इंच. (मोजली. टेप त्यांच्याच खिशात होती.) पाच महिने हातात ब्रश होता तेव्हा कुणी आलं नाही, आणि आले तेव्हा पेन.

आता ते फळीपाशी उभे आहेत. अभ्रा काढलाय. मला वाटलं टेप लावतील. पण त्यांनी टाकीकडे न बघताच अंगठा झाकणाजवळ नेला, रोज पॅसेजमधून जाता-येता नेत असल्यासारखा, तिथे एकदा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि आता मान वळवून मला विचारताहेत, "इथे तुझी ताई होती ना रे? ती कुठे गेली?"