धुरकट ऊन, कच्चा भात

३ फेब्रुवारी १९९९
सौरचुलीत भात शिजलाच नाही. दिवसभर आरसा सूर्याकडं फिरवत बसले, तरी तांदूळ दाताखाली कचकच. संक्रांतीला डोंगरातल्या मामाच्या गावी हीच पेटी, हाच आरसा — जेवायच्या वेळेला वरण-भात तयार! माय म्हणाली, मामाच्या गावचा सूर्य येगळा आसंल.

५ फेब्रुवारी
पेटीची काच पुसली. फडकं काळं झालं.
गच्चीवरून बघितलं. आभाळात एक ढग नाही, पण ते निळंही नाही — राखेचं पाणी सांडल्यासारखं. कारखान्याचं धुराडं, गुऱ्हाळं, उसाच्या फडात पेटवलेलं पाचट. रेडिओवर सांगत होते, शास्त्रज्ञ विमानं-जहाजं घेऊन समुद्रावर असाच धुरकट थर मोजताहेत. धुराचे कण थोडं ऊन वरच्यावर परत पाठवतात, थोडं स्वतःच गिळतात. खाली कमी पोचतं. आणि समुद्रच नीट तापला नाही तर वाफ कमी — मग पावसाचं काय?
म्हणजे गोष्ट माझ्या भातापुरती नाही. शाळेत मुलींना सांगितलं. विज्ञानाच्या तासाला पहिल्यांदाच कुणी जांभई दिली नाही.

९ फेब्रुवारी
रविवारी मला बघायला येणार. महांतेश नाव, उमापूरचे. नोकरी 'मशिनरीवर' — अप्पांना एवढंच कळलंय.
मी म्हटलं, स्वयंपाक सौरचुलीत करीन. काच पुसलीय, पहाटेच पेटी लावली तर जमेल. माय कपाळाला हात लावून बसली. पण अप्पा भांड्याच्या दुकानात याच पेट्या विकतात. त्यांना नाही म्हणता येईना.

१४ फेब्रुवारी, रविवार
फजिती.
पानं मांडली, झाकण उघडलं — भात कडक, डाळ वेगळी, पाणी वेगळं. माय चुलीकडं पळाली. पाहुणे उपाशीपोटी चहा पीत बसले. त्यांचे धुळाजीकाका मुद्दाम ऐकू येईल असं पुटपुटले, की पोरीला साधा भात जमत नाही.
तेवढ्यात महांतेश उठून अंगणात आले. पेटीत वाकून बघितलं. कशानं शिजलं न्हाई, असं विचारलं. मग काय, मी सुरूच झाले. धूर, काजळी, अडलेलं ऊन, समुद्र, पाऊस — आणि कारखान्यांचे बॉयलर चालवणारे लोक डोळे मिटून कसे बसतात, तेही. भाषणच दिलं! ते शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले,
"मी साखर कारखान्यातच हाय. बॉयलरवर."
जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण ते हसले. धुरावर पाण्याचा फवारा सोडला तर बरीच काजळी खाली बसते, असं त्यांनी दोनदा साहेबांना सांगितलं होतं म्हणे. साहेबांनी कानाआड केलं.
"तुमी आत्ता बोललात तसं मला बोलता येत न्हाई," म्हणाले.
ऊन कलल्यावर पंगत बसली. त्यांनी दोनदा भात घेतला. चुलीवरचा.

१५ फेब्रुवारी
माय बोलत नाही. अप्पा गालातल्या गालात हसतात, ती बघत नसताना.

२० फेब्रुवारी
निरोप नाही. धुळाजीकाकांनी गावभर केलं, पोरगी लई बोलती. बरं, बोलते.
आज वर्गात फळ्यावर बॉयलर काढला, धुराडं काढलं, फवारा काढला. मुलींना वाटलं धडाच आहे. मी स्वतःला बजावलं, विचार फवाऱ्याचा चाललाय.
खोटं कशाला लिहू. त्यांचाच चाललाय.

२४ फेब्रुवारी
होकार आला! माय रडली, मग पेढे आणायला निघाली. मी तिला थांबवलं. म्हटलं, माझा होकार अजून राहिलाय. आधी त्यांचा बॉयलर बघायचाय, ते धुराडं बघायचंय, आणि त्यांच्या साहेबांपुढं फवाऱ्याचं बोलायचंय. माय खालीच बसली. अप्पा चपला घालून एस.टी.डी.वर गेले. परत आले ते हसतच. महांतेश फोनवर एवढंच म्हणाले होते —
"या. मी गेटवर उभा ऱ्हातो."

२५ फेब्रुवारी
रविवारी आम्ही मुलगा बघायला जातोय.