सगळ्या माळ्याला चुना

नाना,

परवा म्युनिसिपालिटीची एक पोरगी दारात आली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. ‘आजी, आजोबा कशाने गेले?’ ह्यांना जाऊन अजून वर्ष झालं नाही. तिला पाणी दिलं आणि मग मीच तिची उलटतपासणी घेतली. कोण वाचणार हे? शेजाऱ्यांना कळणार? ‘नाव काढूनच पुढे पाठवतो हो, कुठल्या भागात कसला आजार वाढतोय तेवढंच बघायचं असतं,’ ती कंटाळून म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, माणूस ओळखायला नाव कुठे लागतं? आमच्या चाळीत चुना पुरायचा. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तुम्हाला बरोबर कळलं असतं, म्हणून लिहायला बसले. मेलेल्या बापाला पत्र कुठल्या पत्त्यावर घालायचं ते मागाहून बघू.

लालबागच्या त्या चाळीत तुम्हाला कोणी मायेने हाक मारल्याचं मला आठवत नाही. तुम्ही जन्ममृत्यू खात्यात कारकून. कुणी गेलं की सुतक फिटायच्या आत तुम्ही त्या दारात हजर. काय होत होतं, खोकला कधीपासून, रक्त पडायचं का? लोक म्हणायचे, पिंडाला कावळ्याच्या आधी नाना शिवतो. उत्तर सगळ्यांचं एकच असे, ताप. क्षय म्हटलं की घरातल्या पोरी उजवायच्या राहिल्याच म्हणून समजा! त्यात तुमच्या खात्याची एक खोड. क्षयाची नोंद झाली की खात्याची माणसं चुन्याच्या बादल्या घेऊन यायची आणि नेमकी ती खोली रंगवून जायची. दिवाळी नाही, लग्न नाही, आणि अख्ख्या माळ्यावर एकच खोली पांढरीफटक. मग तुमचे कागद कुलपात ठेवले काय नि उघड्यावर टाकले काय, सगळं सारखंच.

त्या साली आपल्या माळ्यावर एकाच आठवड्यात दोन मयतं झाली. आपल्या खोलीत तुमचा धाकटा भाऊ, माझा काका. आणि गॅलरीच्या पार टोकाला माझ्या मैत्रिणीची आई. खोकत दोघंही होती. मी नळावरून कळशी घेऊन येते तर आपलं दार लोटलेलं आहे आणि आत दबक्या आवाजात भांडण चाललंय. आजी म्हणतेय, ‘मेल्या, ताप म्हणान लिही आणि गप रव! तुझ्या चेडवाक कोण करतलो मगे?’ चेडू म्हणजे मी, लग्नाची काळजी माझ्या. मैत्रिणीचे वडील रडतायत, ‘नाना, माझ्याही पदरात पोरी आहेत हो. पाया पडतो.’ आणि तुमचा तो कोरडा आवाज. ‘दोघांतलं एक कारण तसलं आहे, ते खरंच लिहिणार. माळाभर पोरं आहेत, ताप लिहिला तर त्यांच्या छातीचे फोटो कोण काढणार? पण कुठली खोली, ते चाळीला कळणार नाही. हा माझा शब्द.’ मी कळशी वाजवली आणि तिघेही गप्प झालात.

मग चुनेवाले आले. पण दिवस कसले होते! गॅलरीच्या भिंतीवर पोरांनी गेरूने हातभर अक्षरांत लिहिलेलं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. बादल्या बघितल्या आणि चाळ पेटली. सरकार घोषणा पुसायला आलं! पोरं जिन्यात आडवी बसली. ‘कुठली खोली? कुणी पाठवलं तुम्हाला?’ चुनेवाला तोंड उघडणार एवढ्यात तुम्ही धोतर सावरत पुढे झालात. ‘मी बोलावलंय. सगळा माळा आणि गॅलरी. भिंती घाण झाल्यात.’ अहो नाना, घाण? त्या अक्षरांना घाण? दुसरा शब्द सापडला नाही तुम्हाला? कुणीतरी तुमची टोपी उडवली, तरी तुम्ही चुनेवाल्यांना वाट करून दिलीत. दोन्ही टोकांच्या खोल्या, मधल्या खोल्या, गॅलरी, सगळं संध्याकाळपर्यंत एकसारखं पांढरं झालं. सकाळी आपल्या दारावर कोळशाने ‘फितूर’ लिहिलेलं होतं. आई ते घासत होती आणि तुम्ही चहा पीत होतात.

मोर्चात पायांना फोड येईपर्यंत चाललेला माणूस तुम्ही. पण राज्य झालं त्या दिवशी पेढ्यांचं ताट आपलं दार टाळून पुढे गेलं आणि तुम्ही गॅलरीत एकटेच टाळ्या वाजवत होतात. मला तुमची लाज वाटायची. मीसुद्धा तुम्हाला फितूरच समजत होते. दरम्यान आमच्या शाळेत छातीचे फोटो काढणारी गाडी आली होती. माझ्या छातीत डाग निघाला आणि मैत्रिणीच्याही. दोघींनी सुया टोचून घेतल्या, दोघी जगलो, दोघींची लग्नं झाली. चाळीला शेवटपर्यंत पत्ता नाही.

चुन्याचं गणित मला बऱ्याच वर्षांनी उलगडलं. तुम्ही तेव्हा नव्हतात. अभिमानाने ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, दुधात माशी शोधणारा. मनात किडा शिरला. तसलं कारण जर काकाचं असेल तर? मग तुम्ही चाळीसाठी काही सोसलं नाहीत, स्वतःच्या पोरीचं लग्न वाचवलंत. हुशार बाप, एवढंच. आजी मरेपर्यंत म्हणायची, ‘ती बाय तसल्यान गेली.’ पण आजीचं काय घेऊन बसलात, ती आपल्या घराचंच झाकणार. गेल्या महिन्यात दादरला मैत्रीण भेटली तेव्हा सरळ विचारलं. ती हसायला लागली. ‘अगं, आमचे बाबा तर शेवटपर्यंत सांगायचे, तुझा काकाच!’ आता बोला.

ती मोबाईलवाली पोरगी जाता जाता सांगून गेली, मृत्यूचा जुना दाखला घरच्यांना मागता येतो. ह्यांचा आजार तिला खरा सांगितला मी, तुमची मुलगी ना. काकाचा दाखला मागायला मी सख्खी पुतणी, कोण अडवणार? पण दोन दिवस झाले, पाऊल उचलत नाही. कारण मला त्यावर काय निघायला हवंय ते मला पक्कं ठाऊक आहे. ताप. त्यावर ताप निघाला की तुम्ही देवमाणूस. आणि त्याच घटकेला माझ्या मैत्रिणीच्या आईच्या एकट्या खोलीला चुना लागतो, आणि तो लावणारी मी.

तेव्हा दाखला मागत नाही, आणि हे पत्रही गॅसवर धरणार आहे. तरी मनातून मला तो तापच हवा आहे, नाना.