आत्याच्या पेटीतलं कापड

कंपाला, ३ मार्च १९९७

ती. आत्यास,
नाम्पिजाचा सा. न. वि. वि.

शाळेतली नोकरी सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, हे तुला कळलंच असेल. पण आता ऐक. मी एक बंद पडलेलं गॅरेज भाड्यानं घेतलंय आणि त्यात माझं आणि दोन मैत्रिणींचं प्रदर्शन मांडतेय. चित्रं मीच काढायची, खिळेही मीच ठोकायचे. भिंतीवरचं ग्रीस अजून निघत नाही.

मधली मोठी भिंत मात्र रिकामी आहे. तिथं मला आपलं सालीचं कापड हवंय, अखंड, बिनजोडाचं. लहानपणी आतोबा मुतुबाच्या झाडाची साल ठोकून कापड करायचे आणि मी त्या ठोक्यांवर धुळीत रेघा मारायचे. माझी चित्रकला तिथूनच सुरू झाली. त्यांच्या हातचं एखादं उरलंय का? नसेल तर माझं प्रदर्शनच अर्धं.

तुझ्या लोभाची हावरी,
नाम्पिजा


बुलेगा, १२ मार्च

चि. नाम्पिजास, आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाचं मनावर घेऊ नको. लहानपणी तोही भिंतीवर कोळशानं बैल काढायचा आणि मार खायचा. पुढच्या खेपेला विचार त्याला.

कापड आहे. आतोबांनी ठोकलेलं शेवटचं, पेटीतून काढून टॅक्सीवाल्याबरोबर पाठवतेय. काप, रंगव, काय हवं ते कर. आणि विचारणं हे आत्याचं कामच, म्हणून विचारते, त्या गॅरेजात एखादा लग्नाजोगा मुलगा येतो, की नुसतं ग्रीसच?

लोभ आहेच, जेवणाची आबाळ करू नको.
आत्या


कंपाला, ७ एप्रिल

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती! कापड भिंतीवर न लावता मधोमध कापलं, दोन्ही भाग दारातच हातभर अंतरावर टांगले. मधल्या फटीतून माणसं आत येतात. खाली तुझं नि आतोबांचं नाव लावलंय. बाबाही आले. तीनदा त्या फटीतून आतबाहेर केलं.

आपल्या गावचे कासुलेही आले होते. कापडासमोर टोपी काढली, ढसाढसा रडले आणि चहा न घेताच निघून गेले. माझं काम कुणाला इतकं भिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मुलगा एक येतो, पण तोही ग्रीसच पुसतो.

तुझी,
नाम्पिजा


बुलेगा, १५ एप्रिल

चि. नाम्पिजास, अ. आ.

तुझं काम भिडलं खरं. कासुले तसाच गावी आला आणि तुझी ही आत्या, नाकिबूका, गेली म्हणून सांगत सुटला! अगं, ते कापड माझ्या मयताचं. मला मातीत देताना गुंडाळायला म्हणून आतोबांनी मुद्दाम ठोकलं होतं आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक. ते पेटीबाहेर निघालं, म्हणजे माणसानं काय समजायचं?

शनिवारी मी अंगणात शेंगा सोलत बसलेय आणि समोरून अख्खं गाव रडत येतंय. पुढच्या बाईनं मला पाहिलं आणि ती उलट्या पावली मागच्यांच्या अंगावर गेली. रिवाजाप्रमाणे प्रत्येकानं सालीचं कापड आणलेलं. परत न्या म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, कधी ना कधी लागेलच. मग सगळ्यांना कच्च्या केळ्यांचं मटोके आणि शेंगदाण्याचं कालवण केलं. स्वतःच्या मयताचं मी पोटभर जेवले. माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलत होते की लाज वाटली.

आहे तशीच, ठणठणीत,
आत्या


कंपाला, २० एप्रिल

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

हसावं की रडावं कळेना, म्हणून आधी रडले. तुझं कापड मी कात्रीनं कापलं! सांगितलं का नाहीस? एका बाईंना ते विकत हवं होतं, मी नाही म्हटलं. उद्याच उतरवते आणि शिवून घेऊन येते. पण शिवण दिसणारच, आणि बिनजोडाचं कापड मी तुला कुठून आणून देऊ?

राग धर, पण लोभ सोडू नको.
नाम्पिजा


बुलेगा, २६ एप्रिल

चि. नाम्पिजास, अ. आ.

शिवू नको. पेटीत ते मी एकटीच बघायचे, वर्षातून एकदा, उन्हात घालताना. तुझ्या गॅरेजात आतोबांचा हात सगळ्यांनी पाहिला, तुझ्या बापानं तर तीनदा. मला फार बरं वाटलं गं.

गावानं आणलेली कापडं पुढच्या प्रदर्शनाला घे. मला त्यातलं एकही नको. कासुलेचं तर इतकं जाड आहे की त्याचं दार होईल. माझं कापड तू ठोकायचं. बायका ठोकत नाहीत म्हणतील, म्हणू देत. पाऊस झालाय, साल सुटायला आलीय. साल काढली की झाडाला केळीची पानं गुंडाळू, म्हणजे पुढच्या वर्षी ते पुन्हा देईल. आतोबांच्या साल ठोकायच्या तिन्ही लाकडी मोगऱ्या पुसून ठेवल्यात. ग्रीसवाल्यालाही आण, बघू तरी.

पहिलं फाटेल, दुसरं वाकडं होईल. चांगलं जमेपर्यंत मला काही जाता येणार नाही. तेव्हा सावकाश ठोक.

तुझी,
आत्या