ठेवली की सोडली

बेसा, नागपूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. रजतदादास,
प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

तुझा फोन लागत नाही आणि लागला तर त्या आकाशपाळण्याच्या गोंगाटात तू नुसता हो हो करतोस. म्हणून पत्र लिहिते आहे. ‘बालाघाटचा मेळा, पाळण्याशेजारी गोविंदा चहावाला’ एवढ्या पत्त्यावर हे पोचलं तर पोस्टमनचे पाय धरायला हवेत.

काल महिन्याचा पहिला रविवार होता. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळी मंडळी पुढे गेली, आई बाकावरून उठली नाही. जानेवारीतही उठली नव्हती, तेव्हा मला वाटलं गुडघे दुखत असतील. काल घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, ते माझ्यासाठी नाही.

प्रेमलतामावशी नोव्हेंबरात गेली हे तुला कळवलंच होतं. कशी गेली ते फोनवर सांगता आलं नाही. वीस वर्षं दोघींनी मिळून आटाचक्की चालवली. त्या दिवशी मावशी गहू ओतत होती, आई पिशवीचं तोंड बांधत होती. आईनं मान वर केली तेव्हा मावशी खाली पडलेली होती.

पुढच्याच महिन्यात मंडळीत बाहेरून एक प्रवचनकार आले, हिंदी बोलणारे. कापडाचा मोठा तक्ता टांगून त्यांनी शेवटच्या काळाच्या खुणा समजावल्या. सात शिक्के, सात कर्णे, समुद्रातून निघणारं श्वापद. मग बायबलातल्या मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातल्या, जात्यावर दळणाऱ्या दोन बायका. एक ले ली जाएगी, दूसरी छोड दी जाएगी, असं तीनदा म्हणाले. ऐकू कमी येतं म्हणून आई अगदी पहिल्या बाकावर होती. तीनही वेळा तिनं ऐकलं.

बाबा निघून गेले तेव्हापासून ‘सोडलेली बाई’ हे नाव बेसात तिच्या मागे आहे. त्याचं तिनं कधी काही वाटून घेतलं नाही. आता म्हणते, माणसानं सोडली ते समजू शकते, प्रभूनंही सोडली.

हिंगण्याची कंपनीची बस साडेसहाला येते, म्हणून इथंच थांबते. तू तिला लिही. गंमत करू नकोस.

माझ्यावर माया असेल तर ती या वेळी कागदावर उतरव.
तुझी,
रितिका


बालाघाट
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
रजतचा सलाम. वि. वि.

मी खुशाल आहे, फक्त डावा अंगठा पान्याखाली आला. इथं मौतच्या कुव्यात मोटरसायकल चालवणारा एक म्हातारा आहे, तो रोज चढायच्या आधी बायकोले विचारतो, मीठ आणलं का? ती हो म्हणाली की मंगच चढतो. काहून, ते कोणालेच माहीत नाही. पण मले ते सांगायचं नव्हतं.

रितिकाचं पत्र आलं. तू कधीकाळी माझ्या पिशवीत टाकून ठेवलेलं शास्त्र तसंच होतं, ते काढलं. पानं एकमेकाले चिकटलेली होती, यावरून काय ते समज. तो अध्याय वाचायले तीन दिवस लागले. शाळेत मी किती बसलो तुले ठाऊकच आहे, आणि मधात पाळण्याचा बेअरिंग गेला.

आई, एक तं तारीख कोणालेच माहीत नाही असं त्याच अध्यायात आहे. स्वर्गातल्या दूतांनाही नाही, मंग तक्तेवाल्याले कुठून समजली? दुसरं असं की त्या बायकांच्या जरा वर नोहाचे दिवस आहेत. लोक खात होते, पीत होते, लग्नं लावत होते, आणि पूर त्यांना घेऊन गेला. म्हणजे घेतले गेले ते कोण? वाहून गेलेले. राहिला कोण? नोहा. मंग राहणं वाईट कसं?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आपल्या मराठी शास्त्रात ‘सोडली’ नाहीच आहे. ‘ठेवली’ आहे. एकीले घेतलं, एकीले ठेवलं. मी चारदा बोट ठेवून पाहिलं. चक्कीवर लोक डबा ठेवून जातात, तू खडूनं नाव लिहून फळीवर लावते. तो डबा सोडलेला असते का? ठेवलेला असते. ज्याचा आहे तो येते घ्यायले.

त्या पाहुण्यानं हिंदीत सांगितलं आणि तू मराठीत दुखावली. एवढंच झालं आहे वं.

मले शिव्या द्यायच्या तर दे, पण लिहून दे.
तुझा,
रजत


बेसा
१९ फेब्रुवारी २०२५

चि. रजत यास,
आईचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे.

तू नोहाचं लिहिलं. मले बरं वाटावं म्हणून लिहिलं, ते समजलं. पण तुझ्या म्हणण्यानं पाहिलं तं माझी प्रेमलता पुरात वाहून गेलेल्यांतली झाली. लिहिताना हात थांबला नाही का गा तुझा? माझ्यापेक्षा ती भली होती. रांगेत कोणी म्हातारी दिसली की तिचं दळण पहिले लावे आणि बाकीच्यांच्या शिव्या खाये. ती बुडाली आणि मी तरली, असं मले नाही पाहिजे. त्यापेक्षा सोडलेली बरी.

ते वाचून मी दोन दिवस चक्की बंद ठेवली. मंग पाळकसाहेबांकडे गेली. त्यांना तुझं पत्र दाखवलं. ते म्हणाले, या ओळींवर शिकलेल्या माणसांचंही एकमत नाही. कोणी म्हणतात घेतलेले वाचले, कोणी म्हणतात राहिलेले वाचले. पण दोन्हीकडचे लोक एक गोष्ट मानतात, की ती सारी प्रभूच्या येण्याच्या दिवसाची गोष्ट आहे. तो दिवस अजून यायचाच आहे. प्रेमलताबाईचं हृदय बंद पडलं, सिंधूबाई, त्यात खूण शोधू नका. एका बाईचं मरण घेऊन जगाचा शेवट वाचायचा नसतो, असं म्हणाले. मी तिथंच रडली. नोव्हेंबरापासून रडली नव्हती.

तुझा शब्द मात्र डोक्यातून जात नाही. फळीवरच्या डब्यांकडे पाहिलं की आठवते. ठेवलेल्यासाठी कोणीतरी येते, असं तू लिहिलं. तू दोन वर्षांत आला नाही. मावशीच्या मातीलेही नाही.

म्हणून तुले विचारते. तुझा बाप मले सोडून गेला, ते जगाले माहीत आहे. तू मले ठेवून गेला का सोडून गेला? शास्त्र नको सांगू. खरं लिही.

जेवत जा.
आई


बालाघाट
२५ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
सलाम.

मावशीबद्दल लिहिलं ते चुकलं. मी तुलेच पाहत होतो, ती दिसलीच नाही.

तुझ्या प्रश्नाची दोन उत्तरं लिहून फाडली. दोन्हीत ‘ठेवून’ लिहिलं होतं.

सोडून गेलो, आई.

त्या दिवशी चक्कीचा पट्टा चालू होता. मी दारातूनच म्हटलं, जातो. तुझी पाठ होती. तुले ऐकू येणार नाही हे मले माहीत होतं, म्हणूनच ती वेळ धरली. समोर येऊन सांगितलं असतं तं तू थांब म्हणाली असती आणि मी थांबलो असतो. मावशीनं ऐकलं. तिनं पिठाचा हात वर केला फक्त. तिनं तुले सांगितलं का नाही ते आता विचारता येत नाही. तिच्या मातीले आलो नाही ते त्याच हाताच्या शरमेनं.

शनिवारी गोंदियाहून गाडी आहे. तू ये म्हणशील तं येतो. नाही म्हणाली तरी समजीन. रविवारी तुले उठ म्हणणारा मी कोण.

माफी मागायचं धाडस एवढंच आहे, ते या कागदावर संपलं.
रजत


बेसा
२७ फेब्रुवारी २०२५

चि. रजत,
आशीर्वाद.

तुझं स्पीड पोस्टाचं पत्र आज मिळालं, रितिकाले हेही आजच तसंच टाकायले सांगितलं आहे.

प्रेमलतानं मले त्याच दुपारी सांगितलं होतं. चक्की बंद करून, कानाशी येऊन. वरून म्हणाली, पोराले वाईट म्हणू नको. तू बाहेरगावी कामाले गेला, असं आम्ही दोघींनी मिळून लोकांना सांगितलं. दोन वर्षं मी तेच सांगत आली. आज तू स्वतः लिहिलं, बरं केलं.

काल पाळकसाहेबांनी अजून एक गोष्ट सांगितली. प्रभुभोजन कधीपर्यंत करायचं, तं तो येईपर्यंत. असेच शब्द आहेत म्हणे. मी जन्मभर ऐकले आणि ध्यान दिलं नाही. म्हणजे ते शेवटाची वाट पाहणाऱ्यांसाठीच मांडलेलं असते. मी घेतली जाईन का राहीन, ते त्या दिवशी समजंल. तोपर्यंत बाकावर बसून राहायचं कोणी सांगितलं नाही मले.

तं रविवारी मी उठणार आहे. तू आला तरी, नाही आला तरी.

यायचं असंल तं ये. पण दारातून बोलू नको. आत येऊन समोर उभा राहा. मले आता तोंड पाहूनच ऐकू येते.

आई