शेवटच्या टाकीचं पाणी

४ जून
भंडाऱ्याहून येऊन आज हडपसरच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून रुजू झालो. जाम खूश आहे. काम सरळ आहे: सांडपाण्यातलं आर्सेनिक काढायचं. पाण्यात लोहाचं रसायन घातलं की आर्सेनिक त्याला चिकटून त्याचा गाळ होतो, तो तळाशी बसतो आणि वरचं स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीतून ओढ्याला जातं. मॅनेजर दत्तप्रसादसाहेब अस्सल पुणेरी. चहा घेणार का विचारलं आणि मी हो म्हणायच्या आत, नको असेल तर राहू द्या, म्हणाले. इथली एक गंमतशीर रीत आहे. केमिस्टनं रोज सकाळी सगळ्यांसमोर शेवटच्या टाकीतलं ग्लासभर पाणी प्यायचं. आपल्याच कामावर विश्वास नको का, असं साहेबांचं म्हणणं. यंत्रावर आर्सेनिक शून्य दिसत होतं, म्हणून प्यायलो. संध्याकाळी बायकोला, चैतालीला, फोनवर सांगितलं तर ती हसून बेजार. खोली मिळाली की तिला आणायचं आहे.

१९ जून
एक कळत नाही. पाणी स्वच्छ निघतं, पण गाळ साठतच नाही. टाकीचा तळ घासूनपुसून ठेवल्यासारखा लख्ख. मग आर्सेनिक जातं कुठे? साहेबांना विचारलं, तर म्हणाले, तुमच्या कॉलेजात पाणी स्वच्छ निघालं की रडायला शिकवतात का. आधीचे केमिस्ट अनिरुद्ध का सोडून गेले, तेही विचारलं. त्यावर मात्र त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, तोही न विचारता. पुण्यात हे पहिल्यांदाच पाहिलं.

२ जुलै
तळहात खरखरीत झालेत. नखांवर पांढऱ्या आडव्या रेघा. आर्सेनिकच्या विषबाधेची ही लक्षणं मी शिकलो आहे. घाबरून आज ग्लास टाळला. दुपारी टाकीच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. ताडून पाहायला ग्लासभर प्यायलो. पुन्हा शून्य.
गाळ माझ्यात बसतोय.

३ जुलै
राजीनामा दिला. साहेब म्हणाले, जा की, अडवलंय कुणी. खरंच कुणी अडवलं नाही. फाटकाबाहेर पडलो आणि घसा कोरडा पडला. नळाचं पाणी, नारळपाणी, सगळं उलटून पडलं. तहानेनं वेडापिसा होऊन परत आलो आणि टाकीला तोंड लावलं. स्वतःची किळस आली.

९ जुलै
प्रयोगशाळेतच राहतो. बोटं वळत नाहीत — कितीही प्यायलो तरी यंत्रावर शून्य येत नाही. साहेब मायेनं म्हणाले, तुम्ही आता भरलात. मग घरी कोण असतं, विचारलं. मी सांगितलं. का सांगितलं —

११ जुलै
बाहेरून कडी. खिडकीतून अंगण दिसतं. चैताली आलीय! माझी तब्येत बिघडल्याचं कळवून यांनीच बोलावलं असणार. दमलीय, घाम पुसतेय — ओरडतोय, आवाज निघत नाही —
हात आपटले. काच फुटत नाही —
साहेब तिच्यासाठी टाकीवरून पाणी —
घेतलं तिनं. इथे यंत्रावर आर्सेनिक उतरतंय — उतरतंय —
चैताली, थुंकून टाक, थुं