बारावं कातडं

४ एप्रिल
पंचवीस मिनिटे! गावच्या रेडिओवर एवढा वेळ आजवर कोणी बोलले नसेल. नव्या सभागृहाच्या भिंतीसाठी सीलची बारा कातडी विकत घ्यायची आहेत, एवढेच सांगायचे होते. पण कातडे कसे असावे हे नको का समजावून सांगायला? केस ओढले तर हातात येता कामा नयेत. आतल्या अंगाला चरबीचा पिवळा डाग नको. सूर्यासमोर धरले तर टाचणीएवढेही भोक दिसू नये. माझी मैत्रीण लिटिया बाहेर माझी वाट पाहत होती. "कौनाक, कातडी मागत होतीस की शाळेसारखी परीक्षा घेत होतीस?"
दोन्ही!

७ एप्रिल
पहिल्याच दिवशी सात कातडी! त्यातली तीन शिकारी तुलुगाकची. एकेक उजेडात धरले – निर्दोष. त्याची आई उप्पिक हिच्यासारखे कातडे खरवडणारा हात गावात दुसरा नाही. चंदेरी वलये अशी, की बोट फिरवत राहावे.
"आवडलं का आजी?" तुलुगाकने विचारले.
तो छत्तीसचा, मी तेहतीसची. पण त्याची खरी आजी गेली आणि दोन महिन्यांनी मी जन्मले. तिचे नाव मला मिळाले, आणि आमच्यात नावाबरोबर नातेही येते. तेव्हापासून मी त्याची आजी. पासष्ट वर्षांची उप्पिक मला आई म्हणते आणि गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडेच लाडे लाडे तक्रार करते. मीही तिला लेकी म्हणते. नात्याने हाक मारायची सोडून नाव घेणे म्हणजे ते नातेच नाकारणे. तुलुगाकने जन्मात कधी माझे नाव घेतलेले नाही.

१५ एप्रिल
आणखी चार. दोन तुलुगाकची. चार कप चहा प्यायला. व्यवहारापुरताच.

१६ एप्रिल
मी शाळेत मुलांना सांगते, निरीक्षण आधी नोंदवा, निष्कर्ष मग काढा. निरीक्षणे: (१) तो यायच्या दिवशी मी नवा पार्का, टोपीचा जाड कोट, घालते. (२) त्याच्या स्नोमोबिलचा आवाज मी इतर सगळ्यांतून ओळखते. (३) काल त्याने उष्टा ठेवलेला कप मी अजून धुतलेला नाही.
निष्कर्ष लिहायला हात धजत नाही. नातवाशी लग्न कसे करायचे? आणि उप्पिक आपल्या आईला सून म्हणून कशी घेईल? हसू येते, आणि भीतीही वाटते.

२६ एप्रिल
बारावे आले – आणि मी ते परत केले! तुलुगाकने ते टेबलावर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. नेहमीची थट्टा नाही, काही नाही. कातडे सुरीने दोन ठिकाणी कापले गेले होते, वर मेणाच्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके. कडांना चरबी. चौकटीवर ताणलेले तेही तिरके. मी नेहमीप्रमाणे नीट, क्रमाने, उदाहरणांसह सात दोष समजावून सांगितले.
"बरं, आजी." कातडे गुंडाळून तो निघून गेला. चहा न घेता.

२७ एप्रिल
अरे देवा! आज रेडिओवर त्याच कातड्याचे उदाहरण दिले. नाव घेतले नाही, केवळ लोकशिक्षण म्हणून! पाचव्या दोषावर होते तोच लिटियाचा फोन आला, थेट प्रक्षेपणात.
"अगं ए शहाणे! उप्पिकचे हात दहा दिवस सुजलेत. ते कातडं त्यानं स्वतः खरवडलंय. बायकांची सुरी हातात धरून, दाराबाहेर बसून! येणारा-जाणारा हसत होता. कुणासाठी बसला होता गं तो?"
अख्खे गाव ऐकत होते. मी घाईघाईने हवामान वाचले. कालचे.

३० एप्रिल
तुलुगाक शिकारीला समुद्रावरच्या बर्फाच्या कडेपाशी गेला आहे. परत कधी येणार, कोणालाच ठाऊक नाही. लिटिया म्हणते, "तुझी भाषणं ऐकू येणार नाहीत तिथवर गेलाय." दुसरे कातडे विकत घेता येईल. पण मला तेच हवे आहे.

३ मे
उप्पिकच्या घराच्या सात पायऱ्या. प्रत्येक पायरीवर परत फिरावेसे वाटले. दार उघडलेच.
"आई, आलीस? बस," उप्पिक म्हणाली. सुजलेली बोटे मांडीवर. "खरं सांग, माझ्या पोराला तू सात चुका मोजून दाखवल्यास?"
"हो."
"मी अकरा मोजल्या होत्या." आणि खो खो हसत सुटली! मग पलंगाखालून कातडे ओढून काढले. "फेकून दे म्हणाला होता. मी ठेवलं."
मी धीर करून विचारले, "लेकी, मी जर या घरात राहायला आले... तर मला काय म्हणशील?"
ती म्हणाली, "आईच म्हणेन की. म्हातारपणी आई घरी आली तर कुणाला नको असते? पण त्यानं तुला काय म्हणायचं, ते त्याचं त्याला ठरवू दे. त्यात मी पडणार नाही."
येताना कातडे पोटाशी धरून अक्षरशः पळाले. बर्फात दोनदा पडले!

५ मे
भिंत पूर्ण. बारावे कातडे मधोमध, टाके दिसतील असे. रेडिओवर सांगितले, "बारावं मिळालं. त्यातला एकही दोष मी काढणार नाही." संपूर्ण निवेदन – आठ सेकंद.

६ मे
दुपारी तुलुगाक शिकारीहून परतला तो थेट सभागृहात आला. भिंतीपुढे जाऊन त्याने टाक्यांवरून बोट फिरवले.
"कौनाक," तो म्हणाला, "टाके फार वाकडे आलेत गं."