मामांच्या नागाला पाय आहेत

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामी म्हणते, जिना चढताना तुम्ही गुडघ्याला शिव्या देता आणि उतरताना जिन्याला. प्रकृतीला जपा, संतापू नका (हे मी सांगतोय, चालायचंच). दिवाणखान्यातल्या बरणीतल्या तुमच्या नागालाही माझा नमस्कार. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

तिने चिमट्याने तो तिळाएवढा पाय उचलून दाखवला, त्या क्षणी माझं आयुष्य पालटलं. ती म्हणजे मातीत राहणाऱ्या सापसुरळ्यांवर संग्रहालयात संशोधन करणारी, आणि मी म्हणजे वर्गाचं दार आपटून कॉलेज सोडलेला, तिच्या खोलीत बरण्या धुणारा तुमचा भाचा. मला समोर साप दिसत होता. ती म्हणाली, साप कुठला, सापसुरळी आहे, मातीत शिरणाऱ्यांचे पाय पिढ्यान्‌पिढ्या आखडत गेलेत. ती पायाबद्दल बोलत होती, मी तिच्या बोटांकडे बघत होतो. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही (डबा रोज संपतो, तो भाग वेगळा).

तिला खूश करायचं म्हणून एका दुपारी मी सगळं कपाट नव्याने लावलं. चार पायांच्या वर, दोन पायांच्या मध्ये, बिनपायांच्या खाली, अगदी कवायतीला उभ्या केल्यासारख्या! ती आली, तिने पाहिलं आणि खुर्चीत बसूनच राहिली. मला वाटलं, आनंदाने. नंतर कळलं की पाय मोजून नातं ठरतच नाही. मातीत शिरताना एकेका घराण्याने आपापले पाय सोडून दिलेत. खरी नाती डोक्यावरच्या खवल्यांवरून ओळखायची. बिनपायाची एखादी चारपायीची सख्खी बहीण निघते, आणि शेजारच्या बिनपायवालीशी तिचं काही देणंघेणं नसतं. मग सगळं कपाट पूर्ववत होईपर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसून होतो (इतका सुखाचा घोटाळा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही).

पण आमचे साहेब! बिनपायांच्या तेवढ्या सगळ्या एका गटात टाका, विषय संपवा, असं म्हणाले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "साहेब, टक्कल तुम्हालाही आहे आणि शिपायालाही, म्हणून तुम्ही सख्खे भाऊ का?" शिपाई खूश झाला, साहेब काही झाले नाहीत. त्यांनी फर्मावलं की डोक्यावर चारपायी घराण्याचे खवले, पण पाय जवळजवळ गेलेले, असा नमुना आठवड्याच्या आत टेबलावर दिसला पाहिजे, नाहीतर तिचं वर्गीकरण रद्द आणि मी घरी. माझं काय, मी घरी बसायला सरावलोय. पण तिचं तोंड एवढंसं झालं, ते मला बघवेना.

आणि मग आठवली तुमची बरणी. बागेत फावड्याने मारलेला तो महाभयंकर नाग, जो दर लग्नकार्यात सांगता सांगता वीतभर वाढतो! परवा जेवायला आलो तेव्हा भिंगातून त्याला नीट पाहिलं. मामा, मन घट्ट करा. त्याला पाय आहेत. मागचे दोन, तिळाएवढे. पापण्याही आहेत (सापाला त्या नसतात), आणि डोक्यावरचे खवले हुबेहूब चारपायी घराण्याचे. तेव्हा ती बरणी द्यावी, ही विनंती. बरणीवरच्या चिठ्ठीवर तुमचं नाव राहील, आणि यापुढे 'मारला'ऐवजी 'शोधला' म्हणत जा. लांबी हवी तेवढी सांगा.

तुमचा,
भडक्या

ता. क. नाही म्हणायची तसदी घेऊ नका. हे मी तुमच्याच दिवाणखान्यात बसून लिहितोय आणि तुम्ही आत घोरताय. बरणी पिशवीत गेली. मामीनेच फडक्यात गुंडाळून दिली. म्हणाली, "ने रे बाबा, पुसून पुसून जीव गेला माझा. आणि त्या पोरीला एकदा जेवायला आण."

ता. क. आणखी एक. पत्र बरणीच्या गोल डागावर ठेवतोय. ती खाली फाटकाशी उभी राहून हात हलवतेय, मला की बरणीला ते कळत नाही, पण हसतेय एवढं नक्की. तुम्ही आत्ता कूस बदललीत. निघालो. दार ओढून घेतोय, आणि मामा, आयुष्यात पहिल्यांदा, न आपटता.